सावळारामच्या हातचे वकीलसाहेब

भिवंडीजवळच्या कोन गावच्या सावळारामला भेटलेल्या प्रत्येक डोळस माणसाने आयुष्यात एकदा तरी त्याच्या तोंडासमोर हात नाचवून विचारलं होतं, "ही किती बोटं?" सावळाराम दर वेळी "पाच" म्हणायचा. समोरच्याने तीनच वर केलेली असली की तो हसायचा, आणि मग सावळाराम शांतपणे म्हणायचा, "हाताला पाचच असतात. तुला कमी असतील त सांग बाबा."

सातव्या वर्षी त्याला देवी आल्या. जीव वाचला, डोळे गेले. गावाने त्याच्या आईची समजूत घातली की आंधळ्याला भजन उत्तम येतं, आणि पोराच्या हातात टाळ दिले. आंधळ्याने गावं हा जणू सरकारी नियमच. पण सावळारामचा गळा असा, की तिसऱ्या एकादशीला भजनीबुवांनी स्वतः येऊन टाळ परत नेले. त्यानंतर त्याच्या भवितव्याची काळजी गावाने सोडून दिली, ही गावाची त्याच्यावरची सगळ्यात मोठी मेहेरबानी.

आई चुली घालायची. चिखल, भाताचा तूस आणि शेण तुडवायचं काम तिने पोराला दिलं. पंधराव्या वर्षी पोरगं आईपेक्षा बरी चूल घालू लागलं. आधी तो घरातली पातेली मागायचा, प्रत्येकाच्या बुडावरून हात फिरवायचा आणि मग चुलीचं तोंड काढायचा. त्याची चूल धुरत नसे. बायका त्याला पार अंबाडी गावापर्यंत बोलवायच्या. भिवंडीत कापडाच्या लूमवर काम करणाऱ्यांच्या खानावळी वाढल्या, तशा मोठाल्या चुलीही त्याच्याकडेच आल्या. तो शहरात लूमच्या आवाजावर वाट काढायचा. या गल्लीचा खडखडाट वेगळा, त्या गल्लीचा वेगळा. शुक्रवारी लूम बंद असले की मात्र तो घरी बसायचा, कारण त्या दिवशी त्याच्यासाठी भिवंडी जागेवर नसायची.

उरलेल्या मातीचे तो चेहरे करायचा. आता अडचण अशी, की आपलं तोंड दुसऱ्याच्या हाती माणूस दोनदाच देतो, न्हाव्यापुढे आणि मेल्यावर. म्हणून सावळारामने आधी म्हशीचं तोंड केलं, मग शेळीचं, मग आईचं. लग्न झाल्यावर बायकोचं, मैनाचं केलं. मैनाने ते हातात घेऊन बराच वेळ पाहिलं.

"माजं नाक एवढं मोठं हाय?"

"हाय."

"मना बघाया आलेले सोयरे कोन बोल्ले न्हाय."

"त्यांनी नाक बघितलं नसंल. तुज्या बापाची भातशेती बघितली असंल."

मैना चिडली, पण तिने ते तोंड फोडलं नाही. ओटीवरच्या कोनाड्यात ठेवलं, आणि शेजारणी आल्या की स्वतःहून दाखवू लागली.

भिवंडीतल्या एका आळीत अवधूतराव वकील राहायचे. मोठे वकील, शाळेचे संस्थापक. परसात पाणी तापवायची चूल घालायला सावळाराम त्यांच्याकडे गेला, तेव्हा ते आतल्या खोलीत कपाळ धरून बसले होते. सावळारामला त्यांचं कण्हणं ऐकू आलं. चिखलाचे हात धुऊन तो दाराशी गेला आणि म्हणाला, "डोकं चेपू का, साहेब?" एवढ्या मोठ्या माणसाला असं विचारायचं नसतं हे डोळस माणसाला दिसलं असतं. याला दिसलं नाही. वकीलसाहेब "चेप" म्हणाले.

त्यानंतर अकरा वर्षं, दर मंगळवारी, कोर्टातून आल्यावर दार लावून सावळाराम त्यांचं डोकं चेपायचा. आठवडाभर बोलून पोट भरणारा तो माणूस त्या अर्ध्या तासात सहसा अक्षर बोलत नसे. पगडी खुंटीवर, चष्मा टेबलावर, कवळी वाटीत. उरायचं ते सावळारामच्या हातात. डाव्या कानशिलावरचा खळगा, लहानपणी झाडावरून पडले होते तेव्हाचा. दोन भुवयांच्या मधली आडवी नव्हे, तिरकी आठी. कवळी काढली की आत बसणारे गाल. पुढे त्यांच्या तोंडावरून वारं गेलं आणि ओठाची डावी कड खाली आली. घरात ते कळायला चार दिवस लागले, कारण मिशा दाट होत्या. सावळारामला ते मंगळवारीच कळलं.

चौऱ्याहत्तर साली वकीलसाहेब गेले. शाळेने तीन शोकसभा घेतल्या, चौथीला माणसं येईनात, तेव्हा पुतळा करायचं ठरलं. स्मारक समिती बसली. चेअरमन पन्नास लूमचे मालक. सेक्रेटरी चिंतामणी मास्तर, शाळेत मराठी शिकवायचे आणि घरीही तशीच भाषा बोलायचे. मुंबईचा शिल्पकार वर्षभर थांबा म्हणाला. तेवढ्यात मास्तरांना कुणीतरी सांगितलं, की वकिलांकडे चूल घालणारा तो आंधळा मातीची तोंडं करतो. मास्तर खुर्चीतून उठलेच. पुतळा कसा होईल हा विचार त्यांच्या मनात आला असेल, पण आधी बातमी आली: अंध शिल्पकाराने साकारला संस्थापकांचा पुतळा!

मास्तर स्वतः कोनला आले आणि त्यांनी सावळारामच्या हातात एक मोठा फोटो ठेवला. छत्तीस सालचा, वकिलीची सनद मिळाली तेव्हाचा. पगडी, गोंडस गाल, टोकदार मिशा. शाळेच्या प्रत्येक वर्गात तोच टांगलेला होता, दर गुरुपौर्णिमेला त्यालाच हार पडायचा.

"अगदी असाच हवा," मास्तर म्हणाले.

"ह्यांना फोटो काय कामाचा, मास्तर?" मैना म्हणाली.

"समोर ठेवा, वहिनी. स्फूर्ती मिळते."

मैनाने तो कोनाड्यात स्वतःच्या तोंडामागे ठेवला. निदान भिंतीची ओल तरी झाकली.

सावळाराम मात्र त्या दिवशी जेवला नाही. आयुष्यभर त्याच्या हातचं जे उभं राहिलं ते कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, पातेल्याखाली, आणि दोन वर्षांत फुटून उकिरड्यावर गेलं. आता एक चेहरा गावात राहणार होता, खाली त्याचं नाव लागणार होतं. त्याला नाव हवं होतं, हे कबूल करायला लाजायचं कशाला? मोठमोठ्यांना हवं असतं. पण त्याहून त्याला एक गोष्ट टोचत होती. तो खळगा, ती आठी, ती खाली आलेली कड त्याच्या दोन हातांखेरीज जगात कुठेच उरली नव्हती. हे हात थकले की वकीलसाहेब दुसऱ्यांदा जाणार होते.

खाडीकाठची चिकण माती आणली. दहा दिवस तो लागला होता. माती थंड, आणि वकीलसाहेबांचं कपाळ नेहमी तापलेलं, याचाच त्याला आधी त्रास झाला. तो माती उन्हात कोमट करून घ्यायचा आणि मग हात लावायचा. गाल आत बसेपर्यंत बोटांनी दाबायचा, थांबायचा, पुन्हा भरायचा. तोंडाच्या त्या एका कडेला तीन दिवस गेले. अकराव्या दिवशी खळगा तपासताना त्याची बोटं आपोआप कानशिलावर गोल फिरू लागली, मंगळवारसारखी. तो चेपत होता. त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने हात काढले आणि मैनाला म्हणाला, "जालं." आणि ओटीवर बसून रडला. मैनाने पुतळ्यावर ओलं गोणपाट टाकलं.

समिती पाहायला आली. मैनाने गोणपाट काढलं.

"हे कोण?" चेअरमनांनी विचारलं.

"साहेब," सावळाराम म्हणाला.

"पगडी कुठाय?"

"पगडीला मी कंदी हात लावला न्हाय. ती खुंटीवर असायची."

"आणि तोंड वाकडं?"

"होतं."

"होतं असेल! म्हणून शाळेत लावायचं?"

चिंतामणी मास्तर पुढे झाले. त्यांनी फोटो कोनाड्यातून काढून मातीच्या चेहऱ्याशेजारी धरला, मग इकडे पाहिलं, मग तिकडे. "सावळाराम, हे म्हातारे वाटतात."

"मेले तवा सत्तर वर्सांचे होते ना, मास्तर?"

"माणूस सत्तरचा होतो. संस्थापक होत नसतो."

यावर सगळ्या समितीने माना हलवल्या. ही माणसं वीस-वीस वर्षं वकीलसाहेबांच्या पुढ्यात बसली होती. त्यांनी पगडी पाहिली होती, चष्मा पाहिला होता, त्यांची सही पाहिली होती. तेवढं काढून टाकल्यावर खाली एक माणूस निघेल, याची त्यांना कुणी कल्पना दिली नव्हती.

"मी त्यांच्या तोंडावर अकरा वर्सं हात फिरवलाय," सावळाराम म्हणाला. "तुमी विचारा कोनालाबी."

"विचारू," मास्तर म्हणाले. "बाईंनाच विचारू."

बाई म्हणजे अनसूयाबाई, वकीलसाहेबांच्या पत्नी. याहून मोठा साक्षीदार कोण आणणार? सावळाराम खूश झाला. दुसऱ्या दिवशी हातगाडीवर गोणपाटात गुंडाळलेले वकीलसाहेब आपल्या घरी परत आले. दिवाणखान्यात त्यांना स्टुलावर ठेवलं. समिती खुर्च्यांवर, सावळाराम आणि मैना दाराशी. अनसूयाबाई आतून आल्या. सावळारामला त्यांची पावलं ओळखू आली. ती स्टुलापाशी थांबली. मग लाकडावर हात चाचपडल्यासारखा आवाज आला, अगदी खाली, स्टुलाच्या पायापाशी.

अनसूयाबाई नमस्काराला वाकल्या होत्या. अठ्ठेचाळीस वर्षं रोज सकाळी आंघोळ झाली की त्या नवऱ्याच्या पायांना हात लावायच्या. हात सवयीने तिथे गेला, आणि पुतळ्याला पायच नव्हते. समितीचे डोळे सगळे चांगले, पण कुणाला यात काही दिसलं नाही.

"बाई," मास्तरांनी विचारलं, "हे साहेबच ना?"

अनसूयाबाई उभ्या राहिल्या.

"मला नाही सांगता यायचं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

"संपलं!" चेअरमन म्हणाले. "प्रत्यक्ष बायको ओळखत नाही."

घरी जाताना सावळारामने मैनाचा खांदा घट्ट धरला होता. आंधळा हा शब्द त्याने जन्मभर ऐकला होता, त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. आपले हात अकरा वर्षं खोटं बोलत होते की काय, या विचाराने तो दोन आठवडे मातीकडे फिरकला नाही.

समितीने मात्र काम थांबवलं नाही. पुतळा महादू पेंटरकडे गेला. महादू ट्रकच्या मागे गावांची नावं लिहायचा आणि जमल्यास कमळ काढायचा. त्याने फोटो समोर ठेवून गाल भरले, खळगा बुजवला, तोंड सरळ केलं, पगडी बसवली, मिशांना बैलाच्या शिंगांसारखी टोकं काढली, आणि मग सगळ्याचा साचा घेऊन सिमेंटमध्ये ओतून काढला. हे कळल्यावर सावळाराम शाळेत गेला आणि म्हणाला, "मास्तर, माजं नाव काडा."

"वेडा का खुळा तू? नावासाठीच तर सगळं चाललंय! पाहुणे मुंबईहून केवळ तुझ्यासाठी येताहेत."

"मंग मना हात लावून बघू द्या, काय क्येलंय ते."

"अनावरणाच्या दिवशी. सगळ्यांसमोर. फोटोग्राफर येणार आहे."

पंच्याहत्तरच्या जानेवारीत अनावरण झालं. शाळेच्या पटांगणात मांडव, पताका, शेजारच्या गल्लीतल्या लूमची खडखड. सावळारामला नवा सदरा घालून पाहुण्यांशेजारी बसवलं. गळ्यात हार पडला. चिंतामणी मास्तरांनी भाषणात त्याचे अंतःचक्षू काढले, ज्ञानचक्षू काढले, मनश्चक्षू काढले. मागे बसलेली मैना हलक्या आवाजात म्हणाली, "अवो, एवढे डोळे होते त मना विहिरीवं कशाला पाठवीत होते?"

पाहुण्यांनी दोरी ओढली, पडदा पडला, टाळ्या झाल्या. फोटोग्राफरने खूण केली. पाहुण्यांनी सावळारामचा हात धरला आणि मोठ्या प्रेमाने पुतळ्यावर ठेवला. मास्तरांनी माइक त्याच्या तोंडाशी आणला.

सावळारामने नीट तपासलं. घाई केली नाही. पगडीच्या घड्या, गुळगुळीत कानशील, पुरणाने भरल्यासारखे गाल, सरळ तोंड. मिशीचं टोक त्याच्या बोटाला टोचलं. त्याने पुन्हा एकदा कपाळावर हात फिरवला, आठी शोधली. नव्हती.

"काय सावळाराम, ओळखलंत ना आपल्या वकीलसाहेबांना?" पाहुण्यांनी विचारलं.

"न्हाय," माइकमधून आवाज साऱ्या पटांगणात गेला. "या मानसाला मी आजवर हात लावल्याला न्हाय. कोन हायत हे?"

चेअरमनांचा चेहरा उतरला. पण चिंतामणी मास्तर तीस वर्षं मुलांना कवितेचे अर्थ सांगत आले होते, आणि कवितेत नसलेला अर्थ काढणं हा त्यांच्या हातचा मळ होता. त्यांनी माइक ओढून घेतला.

"पाहा, पाहा ही विनम्रता! आपल्या निर्मितीपुढे कलावंत इतका नतमस्तक झाला, की आपलंच काम त्याला परकं वाटू लागलं!"

कडकडून टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी डोळे पुसले. सावळाराम "अवो, खरंच न्हाय" म्हणत होता, पण माइक लांब गेला होता. चार दिवसांनी वर्तमानपत्रात फोटो आला, हात पुतळ्यावर, खाली 'स्वतःच्या कलेने भारावलेला अंध शिल्पकार'. गावात तो फोटो प्रत्येकाने सावळारामला दाखवला. म्हणजे त्याच्या तोंडासमोर धरला.

पुढच्या मंगळवारी अनसूयाबाईंचा निरोप आला. परसातली चूल फुटली आहे, ताबडतोब ये.

सावळाराम गेला. वाकून चुलीवरून हात फिरवला, तोंडापासून मागपर्यंत.

"चूल त चांगली हाय, बाई."

"माहीत आहे मला," अनसूयाबाई म्हणाल्या. त्या परसातल्या पायरीवर बसल्या होत्या. "त्या दिवशी माझ्यामुळे तुझं खोटं ठरलं. हे ते नव्हेत, असं मी म्हटलं नव्हतं रे. मला खरंच सांगता येत नव्हतं."

सावळाराम उभा राहिला.

"लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई होत्या. मान वर करायची पद्धत नव्हती. सासूबाई गेल्या, तोवर मानेला सवय झाली होती. चार मुलं झाली. पाय म्हणशील तर अंधारात हजार पायांतून ओळखीन मी त्यांचे. उजव्या टाचेची भेगसुद्धा. चेहऱ्याला कधी हात लावला नाही. तसं ते घर नव्हतं." त्या थांबल्या. "ताप असला तरी डॉक्टरच कपाळाला हात लावून सांगायचे. गेले तेव्हाही आंघोळ पुरुषांनी घातली. तू मंगळवारी दार लावून घ्यायचास ना, मी बाहेर तांदूळ निवडत बसायचे. मला तुझा राग यायचा."

"मना ठाव नव्हतं, बाई."

"तो चेहरा पुन्हा एकदा करशील? शाळेसाठी नको. शाळेत आहे तो बरा आहे, त्याला हार घालतील."

सावळारामने परसातच माती भिजवली. या वेळी हात चुकले नाहीत, एकदाही थांबले नाहीत. दोन मंगळवार लागले. अनसूयाबाई पायरीवर तांदूळ निवडत बसायच्या. दुसऱ्या मंगळवारी तो बाजूला सरकला.

"लावा हात."

"मी?"

"मातीच हाय, बाई. कोन बोलनार हाय?"

त्यांनी आधी पदराला हात पुसले. मग बोटं कपाळावर टेकली, एवढी हलकी की सावळारामला त्यांचा आवाजसुद्धा आला नाही. तिरक्या आठीवरून त्या खाली आल्या. आत बसलेल्या गालावर थांबल्या. ओठाच्या कडेशी अंगठा आला, तसं त्या म्हणाल्या, "इथून बोलताना शब्द सांडायचे त्यांचे." मग हात मागे गेला, कानामागे, केसांच्या रेषेपाशी, जिथे पगडीची कड बसायची. तिथे बोटं अडली.

"हे काय?"

"गाठ. मी आलो तवा हरभऱ्याएवढी होती. मांगून आवळ्याएवढी जाली."

"दुखायची?"

"दाबली की दुखायची. त्याच्यानंच डोकं चढायचं. मी बोल्लो, बाईंना सांगा. त बोल्ले, तिला नको. घाबरंल."

अनसूयाबाईंनी हात काढला नाही. सावळारामला त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि तो रडण्याचा होता, आणि तो थांबावा असं त्याला वाटत नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांची बोटं गाठीभोवती हळूहळू गोल फिरू लागली.

"सावळाराम," त्यांनी विचारलं, "एवढं दाबलं तर चालतं का त्यांना?"